आधार ‘लिंक’ आहे, खरं ‘सीडिंग’ नाही

‘लिंक आहे की हो, हा बघा शिक्का!’ म्हणत पासबुक पुढं येतं आणि माझं डोकं दुखायला लागतं. चूक त्या बाईची नाही. बँकेनं मारलेला शिक्का खरा आहे. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा दोन हजार आले नाहीत, तेही खरं आहे. ‘ग्राम वन’ या सरकारी सेवा केंद्रातला पोरगा ‘एनपीसीआय फेल’ म्हणतो, तोही खोटं बोलत नाही. तरी बाईचे चार हेलपाटे होतात, कारण लिंक आणि सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टींना आपण सगळे मिळून ‘लिंक’ म्हणतो.

लिंक तुम्हाला माहीतच आहे. खातं काढताना किंवा केवायसीला आधारची झेरॉक्स दिली, बँकेनं तो नंबर आपल्या वहीत तुमच्या खात्यापुढं चढवला. झालं. पाच बँकांत पाच खाती असली तर पाचही ठिकाणी लिंक असू शकतं.

सीडिंग बँकेच्या वहीत नसतं. यूपीआय चालवणारी जी एनपीसीआय, तिच्याकडं मॅपर नावाची एक यादी आहे. त्या यादीत एका आधार नंबरापुढं एकच बँक असते. नीट वाचा: बँक. खाते क्रमांक त्यात नसतोच. आणि ती बँक म्हणजे तुमची आवडती नव्हे, सगळ्यात जुनी नव्हे, तर जिनं सगळ्यात शेवटी तुमचं नाव तिथं चढवलं ती. नवी बँक चढली की जुनी आपोआप उतरते.

सरकारचं सॉफ्टवेअर पैसे सोडताना तुमचं पासबुक बघत नाही. योजनेची यादी निघते, त्यात आधार आणि रक्कम असते. ती आधार पेमेंट ब्रिज या एनपीसीआयच्याच यंत्रणेकडं जाते, तिथं मॅपरमध्ये बघितलं जातं की या आधाराची बँक कोणती, आणि पैसे त्या बँकेकडं जातात. मग ती बँक आपल्या वहीत लिंक बघून खात्यात जमा करते. म्हणजे लिंक लागतंच, खरं ते शेवटच्या पायरीवर. त्याआधीच्या पायरीवर मॅपर रिकामा असला तर पैसे परत फिरतात. मॅपरमध्ये दुसरी बँक असली तर पैसे परत फिरत नाहीत, दुसरीकडं जमा होतात, आणि हे जास्त वाईट. ॲपवर ‘यशस्वी’ दिसतं, पासबुकात काही नाही, आणि घरात भांडण लागतं ते वेगळंच.

आमच्या गल्लीतल्या मावशींचं हेच झालं. माहेर चंदगड तालुक्यात, सासर बेळगावात. इथल्या बँकेत आधार लिंक, शिक्का ठळक. गृहलक्ष्मी 30 ऑगस्ट 2023 ला म्हैसूरला सुरू झाली, शेजारणींना पैसे आले, मावशींना नाही. ही योजना चालवणाऱ्या महिला व बालकल्याण खात्याच्या तेव्हाच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर आपल्याच बेळगाव ग्रामीणच्या आमदार, त्यामुळं मावशी थेट त्यांच्या नावानं अर्ज लिहून घ्यायला आल्या. अर्जानं मॅपर हलत नाही. विचारत विचारत गेल्यावर कळलं की, मध्ये माहेरी गेल्या होत्या तेव्हा लग्नाआधीचं खातं बंद पडू नये म्हणून तिकडं केवायसी केली आणि पुढं आलेल्या कागदावर सही केली. त्या कागदातच सीडिंगची संमती होती. कर्नाटकाचे पैसे महिनोन्‌महिने महाराष्ट्रातल्या खात्यात मुक्कामाला. सीमाप्रश्न दोन्ही सरकारांना ठाऊक आहे, मॅपरला नाही.

आपल्या पट्ट्यात हे घोळ जास्त का, ते यातच आलं. लेकी इकडून तिकडं दिलेल्या, शेत एका राज्यात आणि घर दुसऱ्यात, त्यामुळं माणशी दोन-तीन खाती. त्यात बँकांची नावं बदलत राहिली: सिंडिकेट बँक 1 एप्रिल 2020 ला कॅनरात गेली, विकास ग्रामीण बँक मे 2025 मध्ये कर्नाटक ग्रामीण बँकेत. पासबुकावर एक नाव, पाटीवर दुसरं, आणि बाई म्हणते ‘माझी बँकच गेली’.

अंगठ्याचा गैरसमजही इथंच मिटवतो. ‘अंगठा लावला की पैसे निघतात, म्हणजे सीडिंग आहे’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. नाही. अंगठा लावताना मशीनवर बँक निवडतात आणि ती बँक आपल्या वहीतलं लिंक बघते. मॅपरचा तिथं संबंध नाही. पीएम-किसानच्या पानावर ‘लँड सीडिंग’ अशी आणखी एक ओळ असते, ती जमिनीच्या नोंदीची. तिच्यापुढं होकार बघून बँकेचं सीडिंगही झालं असं समजू नका.

मग बघायचं कुठं? बँकेच्या खिडकीवर नको, हे माझं ठाम मत. तिथं ‘आधार लिंक आहे का’ विचारलं की ‘आहे’ हेच उत्तर मिळणार, कारण प्रश्नच तसा आहे. मायआधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येईल, आणि बँकेचं नाव, चालू की बंद, शेवटची तारीख सगळं समोर दिसेल. दोन मिनिटांचं काम. एवढ्यासाठी दुकानात पैसे मोजणाऱ्यांचा मला राग येतो आणि घेणाऱ्यांचा त्याहून जास्त.

बँक बदलायची असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथंच जा. जुन्या बँकेत जाऊन काढून घ्यायची गरज नसते. फॉर्मवर आधीच्या बँकेचं नाव लिहायची जागा असते, ती मोकळी सोडू नका. खिडकीवर ‘लिंक करा’ म्हणू नका, ‘एनपीसीआय मॅपिंग माडि कोडि’ (कन्नडमध्ये ‘करून द्या’) म्हणा. झाल्यावर मायआधारवर पुन्हा बघा. आणि आधी दुसरीकडं गेलेले हप्ते मॅपर बदलला म्हणून चालत येत नाहीत, ते त्या जुन्या खात्यातूनच काढावे लागतात.

पेमेंट्स बँकेचं खातं सरकारी पैशाला जोडूच नये, असं मी घरच्यांना सांगून ठेवलंय. 2017 मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेच्या बाबतीत हेच झालं होतं: सिमच्या आधार पडताळणीत ग्राहकांना न कळता खाती उघडली गेली, गॅसचं अनुदान तिकडं वळलं, आणि डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणानं त्यांची ई-केवायसी थांबवली. त्यातही शेवटी चढलेलीच बँक खरी ठरली होती.

मावशींचं सीडिंग आता इथल्या शाखेत आलंय. पासबुकाच्या कव्हरवर मी स्केच पेननं ‘सरकारी पैसे इथं’ लिहून दिलंय. चंदगडचे पैसे काढायला त्या दिवाळीला भाऊबीजेच्या निमित्तानं जाणार आहेत, आणि तिथं कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी मला फोन करणार आहेत.