सकाळची शाळा आणि मेंदूतलं घड्याळ

शेजारच्या काकांचा मुलगा जर्मनीत असतो. आपलं घड्याळ हिवाळाभर त्याच्या साडेचार तास पुढे. मार्चच्या शेवटच्या रविवारी फरक एकदम साडेतीनवर आला. "घड्याळ पुढे सरकवतात म्हणे. आपल्याकडे नाहीत बुवा असले उद्योग!" काका म्हणाले.

महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, आपल्याकडेही घड्याळ तासभर पुढे होतं. ते जाऊ द्या. काकांची नात सध्या साडेदहाऐवजी सातला शाळेत जाते, त्याचं काय? जळगावचा पारा चाळिशीला टेकला की सकाळची शाळा. जर्मनीत एका तासाची उडी, आपल्याकडे साडेतीन तासांची. तिकडे दरवर्षी त्यावर वाद झडतात, इथे आजी म्हणते, "ऊठ वं माय, दिन उगना!"

गंमत म्हणजे साडेपाचला दिन उगवलेलाच नसतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, जळगाव साडेपंचाहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य अठ्ठावीस मिनिटं उशिरा, नंदुरबारचा तेहतीस. मार्चअखेर जळगावला सूर्य सहा-वीसनंतर उगवतो. पोरगी अंधारात, ट्यूबलाईटखाली दप्तर भरते.

हा उजेड कुठला, कधीचा, यावर सगळं अवलंबून आहे, आणि मला या विषयात सगळ्यात आवडतो तो हाच भाग. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम चित्र पाहणं नाहीच. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते निळसर उजेडाला सर्वांत जास्त दाद देतं. या पेशी 'उजाडलं' एवढी बातमी मेंदूच्या तळाशी, दृष्टीच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, वीसेक हजार पेशींच्या जोडपुंजक्याला कळवतात. हे आपलं मुख्य घड्याळ. ते बहुतेकांचं चोवीस तासांपेक्षा दहा-पंधरा मिनिटं मागे पडतं. रोजचा उजेड ते जुळवून घेतो.

पण उजेड घड्याळ पुढे ढकलतो की मागे? ते वेळेवर ठरतं. शरीराचं तापमान नैसर्गिक जाग येण्याच्या दोनेक तास आधी नीचांकावर असतं. त्या क्षणानंतर पडलेला उजेड घड्याळ पुढे आणतो, म्हणजे उद्या झोप आणि जाग दोन्ही लवकर. त्याआधी पडलेला मागे ढकलतो. आता हिशेब करा. रोज साडेसातला उठणाऱ्या मुलीचा नीचांक साडेपाचच्या आसपास, म्हणजे सहानंतरचा उजेड तिच्या फायद्याचा. पण सुट्टीत नऊ-साडेनऊपर्यंत लोळणाऱ्या भावाचा नीचांक साडेसातला! त्याला पाचला उठवून झगझगीत दिव्याखाली बसवलंत तर त्याचं घड्याळ आणखी मागे जाईल. घरात त्याला 'आळशी' म्हणतील ते वेगळंच.

म्हणून एका फटक्यात नाही. आठवडाभर आधीपासून उठण्याची वेळ रोज वीसेक मिनिटांनी अलीकडे. आठच्या ठोक्याला झोपवण्याचा हट्ट नको, उठणं सरकलं की झोप मागोमाग येते. उठल्यावर अंगणात जायचं. ट्यूबलाईटचा उजेड फार तर काहीशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). सूर्य वर आल्यावर उघड्यावर हजारोंनी मिळतो. जुन्या घरांत उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर झोपायचे, त्यात रात्रीचा गारवा आणि पहाटेचा उजेड दोन्ही फुकट मिळे.

व्हॉट्सअॅपवर 'रात्री अकरा ते एक यकृत साफ होतं' असा तक्ता फिरतो. यकृताला स्वतःचं घड्याळ असतं हे खरं, पण ते बरंचसं जेवणाच्या वेळांवर लागतं, तक्त्यावर नाही. तेव्हा नातीचं रात्रीचं जेवणही अलीकडे घ्या, एवढंच त्यातून निघतं.

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझं घड्याळ लाईटवरच चालतं." त्यांच्या शेतातल्या पाण्याच्या मोटारीला या आठवड्यात रात्रीची लाईट, म्हणजे वीज आहे, केळीला पाणी देऊन पहाटे परततात. त्यांचं गणित उलटं. तीन-चार दिवसांत पाळी पुन्हा दिवसाची होणार, तेव्हा घड्याळ हलवण्याच्या फंदात पडूच नये. घरी येताना डोक्यावरचा रुमाल डोळ्यांवर ओढावा, खोलीच्या खिडकीला गोधडी लावावी आणि दुपारपर्यंत त्यांना कोणी हाक मारू नये. शेवटची अट काकू पाळतील असं वाटत नाही.