नँटकेट: शिकारीला गेलेले आणि बेटावर राहिलेले

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केप कॉड द्वीपकल्पाच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर, भर अटलांटिकात नँटकेट हे जेमतेम २२ किलोमीटर लांबीचं वाळूचं बेट आहे. अठराव्या शतकात देवमाशाच्या तेलाच्या व्यापारात या बेटाचा दबदबा होता. लंडनच्या रस्त्यांवरचे दिवेसुद्धा त्याच तेलावर जळत.

१६५९ मध्ये काही इंग्रज कुटुंबांनी हे बेट थॉमस मेह्यू यांच्याकडून ३० पौंड आणि बीव्हरच्या दोन हॅटच्या बदल्यात घेतलं. मूळचे रहिवासी होते वाम्पानोआग. पुढे किनाऱ्याजवळची शिकार सुरू झाली तेव्हा होड्या वल्हवायला प्रामुख्याने हेच लोक होते, आणि त्यातले कित्येक दुकानदारांच्या उधारीत अडकून राबत होते. १७६३-६४ च्या साथीने त्यांच्यापैकी २२२ जणांचा बळी घेतला, उरले सव्वाशे-दीडशे. बेटाच्या वैभवाची कथा सांगताना त्यांचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, ते मला अन्यायाचं वाटतं.

किनाऱ्याजवळचे देवमासे संपत गेले तशी जहाजं लांब जाऊ लागली. लक्ष्य होता स्पर्म व्हेल जातीचा देवमासा: त्याच्या डोक्यातल्या मेणापासून उत्तम मेणबत्त्या बनत. जहाजावरच विटांच्या भट्ट्या बांधून चरबी कढवायची सोय झाली आणि सफरी दोन-तीन वर्षांच्या झाल्या. १८२० च्या नोव्हेंबरमध्ये 'एसेक्स' जहाज प्रशांत महासागरात एका स्पर्म व्हेलच्या धडकेने बुडालं. वीस खलाशी तीन होड्यांत उतरले, आठच जगले, आणि त्यातल्या काहींना त्यासाठी मेलेल्या सोबत्यांचं मांस खावं लागलं. कप्तान जॉर्ज पोलार्ड यांचं पुढचं जहाजही १८२३ मध्ये हवाईच्या वायव्येला खडकांवर फुटलं. त्यानंतर ते बेटावर रात्रीचे पहारेकरी झाले. हर्मन मेल्व्हिल यांच्या 'मोबी डिक' या कादंबरीमागे एसेक्सची हकिकत आहे.

पुरुष वर्षानुवर्षं समुद्रावर, त्यामुळे दुकानं, हिशेब, व्यवहार बायकांच्या हाती. त्यात बेटावरच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथात स्त्रियांना प्रवचनाचा अधिकार होता. मेरी स्टारबक यांच्या घरी तर सभाच भरत. याच वातावरणात १७९३ मध्ये लुक्रेशिया मॉट जन्मल्या. वडील सफरीवर असताना आई दुकान चालवते, हे त्यांनी लहानपणीच पाहिलं होतं. १८४८ च्या न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स इथल्या स्त्री-हक्क परिषदेच्या आयोजकांत त्या होत्या.

माझ्या मते बेटाचं सर्वांत मोठं नाव मात्र खगोलशास्त्रज्ञ मारिया मिचेल यांचं. जहाजाला आपलं रेखांश कळायचं तर क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरचं घड्याळ, अचूक हवा, आणि तो ताऱ्यांवरून तपासून देण्याचं काम त्यांचे वडील विल्यम करत. मारिया किशोरवयातच ते शिकल्या. दिवसा ग्रंथपाल, रात्री दुर्बिणीपाशी. वडील पॅसिफिक बँकेत कॅशियर होते, कुटुंब बँकेच्याच इमारतीत राहायचं. १ ऑक्टोबर १८४७ रोजी त्या इमारतीच्या छतावरून मारियांना नवा धूमकेतू दिसला. रोममध्ये तो दोन दिवसांनी दिसला. शोधाचा मान मारियांनाच मिळाला आणि डेन्मार्कच्या राजाचं सुवर्णपदकही. १८६५ पासून त्या व्हॅसर कॉलेजात खगोलशास्त्र शिकवू लागल्या.

अब्सलॉम बोस्टन हे कृष्णवर्णीय कप्तानही इथलेच. १८२२ मध्ये 'इंडस्ट्री' जहाजावर त्यांनी पूर्ण कृष्णवर्णीय खलाशी घेऊन सफर केली, आणि पुढे मुलीला सार्वजनिक शाळेत प्रवेश मिळावा म्हणून कोर्टात गेले.

धंदा मोडायला एकच कारण नव्हतं. बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता. मोठी जहाजं आत येईनात आणि व्यापार मुख्य भूमीवरच्या न्यू बेडफर्ड बंदराकडे सरकला. १८४६ च्या आगीत तेलाच्या पिंपांसकट धक्का आणि बाजारपेठ खाक झाली. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे तरुण निघून गेले. मग रॉकेल आलं. १८६९ मध्ये 'ओक' हे शिकारीचं शेवटचं जहाज नँटकेटहून सुटलं.