मुक्तिनाथहून जोमसोमला: एक रस्ता, एक पायवाट आणि ‘एमटीबी टूर’चा घोळ

‘मनाली-लेह झालं, आता एखादी माउंटन बायकिंगची टूर करायची म्हणतोय.’ सायकलच्या ग्रुपांवर उन्हाळ्याच्या तोंडावर हे वाक्य येतंच. त्याखाली दहा जण दहा पॅकेजं सुचवतात. त्यातली सहा पुन्हा रस्त्यावरचीच असतात, चार खरोखर डोंगरातल्या पायवाटांची, आणि विचारणाऱ्याला दोन्हींतला फरक कोणीच सांगत नाही. नाव मात्र सगळ्यांना एकच: एमटीबी (माउंटन बाइक) टूर.

सायकल जाड टायरची आहे म्हणून टूर माउंटन बायकिंगची होत नाही. चाकाखाली काय आहे, यावर ते ठरतं. डांबर, खडी किंवा जीपरस्ता असेल तर ती सायकल मोहीम. माणूस, खेचर आणि शेळी जेमतेम जाईल अशी पायवाट असेल तर ती ट्रेल टूर. ब्रोशरवाले दोन्हीकडे तोच बर्फाचा डोंगर आणि तीच सस्पेन्शनची सायकल छापतात, तिथे घोळ सुरू होतो.

मोहिमेबद्दल फार सांगायला नको, ती आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. मनाली ते लेह सुमारे ४७५ किलोमीटर, नऊ-दहा दिवस, गाटा लूप्सची २१ वळणं, शेवटी ५,३०० मीटरच्या वरची तांगलांग ला ही खिंड. मागे गाडी, गाडीत सामान, दर मुक्कामी गरम जेवण. २०० किंवा ३०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) वेळेत संपवणारा माणूस पायांच्या ताकदीवर ही मोहीम करू शकतो. अडचण येते ती विरळ हवेची. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा नियम दोन्ही प्रकारच्या टूरना सारखाच लागू आहे.

त्यातला एक पोटप्रकार मात्र डोक्यात जातो. लेहहून गाडीने खारदुंग लाला न्यायचं, उंचीच्या पाटीसोबत फोटो काढायचा (पूर्वी पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असे; खिंडीची खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट) आणि तिथून चाळीसेक किलोमीटर मोटारीच्या रस्त्याने लेहला सायकल सोडायची. याला ‘डाउनहिल माउंटन बायकिंग’ म्हणून विकतात. हा घाट उतरणं आहे. मजा येते, नक्की करा, पण नाव दुसरं द्या.

आता खरा फरक. तो बघायला नेपाळमधल्या लोअर मुस्तांगइतकी सोयीची जागा नाही, कारण तिथे रस्ता आणि ट्रेल दोन्ही एकाच ठिकाणाहून निघतात आणि एकाच ठिकाणी पोचतात. मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर, जोमसोम सुमारे २,७०० वर. मधे हजार मीटरचा उतार. रस्त्याने गेलात तर झारकोटवरून काली गंडकीच्या पात्राशी, कागबेनीच्या बाजूला उतरता आणि मग नदीकाठाने जोमसोमला येता. आपले यात्रेकरू शाळिग्राम शोधतात तेच हे पात्र. जीप-बसच्या या रस्त्यावर घाट उतरायची सवय असलेला कोणीही तासा-दोन तासांत खाली असतो.

दुसरा मार्ग मुक्तिनाथ खोऱ्याच्या दक्षिणेकडची धार ओलांडून लुप्रा गावाकडे पडतो. पडतो हाच शब्द बरोबर आहे. आधी थोडा चढ, त्यात सायकल ढकलावी लागते. मग धारेवरून हातभर रुंदीची पायवाट, सुटी माती, एका अंगाला दरी, आणि खाली उतरताना एकामागून एक आखूड वळणं. लुप्रापासून पुढे ओढ्याच्या पात्रातले गोटे. अंतर रस्त्याइतकंच किंवा कमी, खाली येणंही तेवढंच, पण इथे अर्धा दिवस धरून चाला.

हा अर्धा दिवस कुठे जातो ते नीट समजून घ्या, कारण बीआरएमवाल्यांचं सगळं गणित इथेच चुकतं. रस्त्यावर चढ म्हणजे काम आणि उतार म्हणजे सुट्टी. सिंहगड चढताना घाम गाळायचा, उतरताना जॅकेट घालून बसायचं. त्यामुळे ब्रोशरमध्ये ‘चढ ६०० मीटर, उतार १,६०० मीटर’ वाचलं की मन म्हणतं, हलका दिवस आहे. ट्रेलवर तोच दिवस सगळ्यात जड असतो.

ट्रेलवर उतार बसून करता येत नाही. बसलात की मागचं चाक दगडावर आदळताना सीट तुम्हाला पुढे फेकते. म्हणून सीट खाली, दोन्ही पेडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली दाबलेल्या, गुडघे आणि कोपरं वाकलेली, वजन हातांवर नाही तर पावलांवर. या अर्ध्या उठाबशीच्या अवस्थेत वीस-वीस मिनिटं राहायचं. मांड्या पेटतात त्या समजू शकतो, पण त्याआधी हाताचे पंजे आणि मनगटामागचे स्नायू संपतात. रस्त्यावरची सवय म्हणून माणूस दोन-तीन बोटांनी ब्रेक धरून ठेवतो, मूठ घट्ट आवळतो, आणि दहाव्या मिनिटाला बोटं उघडत नाहीत. सोबत ब्रेकही तापतो. सतत दाबून ठेवलेल्या रेझिनच्या पॅडवर काचेसारखी चकाकी चढते आणि पकड जाते. एका बोटाने, वळणाच्या आधी जोरात ब्रेक दाबून, वळणात सोडून द्यायचा, ही सवय महिना-दोन महिन्यांच्या सरावाने लागते. टूरच्या पहिल्या सकाळी ती येत नाही.

यूटर्नच्या आखूड वळणावर तर रस्त्याचं सगळं शिक्षण उलटं पडतं. रस्त्यावर वेग असतो, सायकल कलते आणि वळते. इथे वेग चालण्याइतका, पुढचं चाक जवळपास काटकोनात, नजर मात्र वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर. नजर दरीकडे गेली की सायकल दरीकडे जाते. घाबरून मागे सरकलात तर पुढच्या चाकावरचं वजन जातं, ते घसरतं आणि माणूस आतल्या बाजूला पडतो. बहुतेक पडापड वेगात होत नाही, अशीच होते, दुपारी दोनच्या सुमारास, दमल्यावर.

त्यामुळे ट्रेल टूरचं वर्णन वाचताना किलोमीटर आधी विसरा. दिवसाला २५ किलोमीटर हा ट्रेलवर भरगच्च दिवस असतो. बघायची ती ट्रेलची श्रेणी. आल्प्समध्ये एस० ते एस५ अशी मोजणी वापरतात: एस१ ला छोटी मुळं, सुटे खडे आणि चाळीस टक्क्यांपर्यंतचा उतार, एस२ ला पायऱ्या, मोठे दगड आणि सत्तर टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे घाटात दहा टक्के आला की बोंबाबोंब होते, तेव्हा हे आकडे दोनदा वाचा. रंगांच्या श्रेणीत आणखी एक सापळा आहे. युरोपात निळा म्हणजे सोपा, त्यावर लाल, मग काळा. अमेरिका-कॅनडात हिरवा सोपा, निळा मधला, काळा कठीण, आणि लाल सहसा नसतोच. युरोपात निळ्यावर खुश झालेला माणूस कॅनडातल्या व्हिसलरच्या निळ्यावर रडकुंडीला येतो. हिमालयात अशी सर्वमान्य रंगपद्धत नाही, म्हणून आयोजकाकडून त्याच ट्रेलवर चेस्ट कॅमेऱ्याने घेतलेला, न कापलेला पाच मिनिटांचा व्हिडिओ मागावा. ‘सर्व स्तरांसाठी योग्य’ हे तीन शब्द दिसले की पान उलटा. सर्वांना जमणारी ट्रेल नसते, जमतो तो जीपरस्ता.

स्वतःची परीक्षा घरी घेता येते. वेताळ टेकडीसारख्या मुरमाच्या उतारावर सीट खाली करून न बसता पंधरा मिनिटं वर-खाली करा. त्याच उतारावर मागचं चाक लॉक न होता ठरलेल्या रेषेवर थांबून दाखवा. मग सोसायटीत, शेजारी शेजारी असलेल्या दोन गाड्यांच्या पार्किंगच्या जागेत, पाय न टेकवता आठचा आकडा काढा, डावीकडूनही आणि उजवीकडूनही. हे तिन्ही जमत नसेल तर यंदा ट्रेल टूरचे पैसे भरू नका, दोन दिवसांच्या कौशल्य शिबिराला भरा.

गाईडचा अर्थही दोन्हीकडे वेगळा. मोहिमेत गाईड म्हणजे प्रामुख्याने व्यवस्थापक: तंबू, परवाने, मागची गाडी. तुम्ही थकलात तर गाडीत बसता. लुप्राच्या धारेवर गाडी येत नाही. तिथे कॉलरबोन मोडलं तर खाली चालत किंवा घोड्यावर यायचं. म्हणून एक गाईड पुढे आणि एक शेवटी हवा, सहा-सात जणांमागे किमान हे दोन. शेवटच्याकडे प्रथमोपचाराची पेटी, सॅटेलाइट फोन किंवा संदेशयंत्र, सुटी साखळी आणि टायरमध्ये बसेल अशी ट्यूब असते का, ते विचारा. प्रवास विम्यात अनेकदा ‘ट्रेकिंग’ लिहिलेलं असतं आणि माउंटन बायकिंग वगळलेलं असतं. उंचीची मर्यादाही बारीक अक्षरांत असते. पॉलिसी स्वतः वाचा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

सायकलचं थोडक्यात. मोहिमेला १०० मिलिमीटर सस्पेन्शनची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) पुरते, टायरमध्ये ४० पीएसआय हवा चालते. ट्रेलला १४०-१५० मिलिमीटरची फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे), ड्रॉपर सीटपोस्ट (चालवता चालवता बटणाने सीट खाली-वर करणारा दांडा) आणि ट्यूबलेस टायर हवेत. पंचाहत्तर किलोच्या माणसाला २.४ इंची टायरमध्ये पुढे साधारण २२ आणि मागे २५ पीएसआय. सायकल भाड्याची असेल तर पहिल्या संध्याकाळी तीन गोष्टी बघा. सायकलवर बसल्यावर मागचा शॉक त्याच्या एकूण दबण्याच्या पंचवीस ते तीस टक्के दबला पाहिजे. ५५ मिलिमीटर स्ट्रोकच्या शॉकला म्हणजे १४ ते १६ मिलिमीटर. ब्रेक पॅडवर घर्षणाचा थर एक मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या, ‘दोन दिवस जातील’ ऐकू नका. आणि पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते तपासा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजवा लिव्हर पुढचा असतो, फ्रान्समध्ये डावा. रस्त्यावर ही चूक हसण्यावारी जाते, पायरीवर माणूस हँडलवरून जातो.

स्वतःची सायकल नेणार असाल तर डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) जादा घ्या. पाच-दहा सेंटिमीटरचा हा तुकडा दगडाला लागून वाकतो, आणि तो बऱ्याच फ्रेमचा वेगळा असतो. काठमांडूतही तुमच्या मॉडेलचा मिळेलच असं नाही. पॅडचंही तसंच, आकार जुळला पाहिजे.

चाक २७.५ की २९ इंची, मुक्काम तंबूत की लॉजवर, जेवणात डाळभात की पास्ता, यावर ग्रुपवर शंभर-शंभर मेसेज पडतात. काही फरक पडत नाही. फ्लॅट पेडल की क्लिप (बूट अडकवायचं पेडल), याला मात्र उत्तर आहे: पहिल्या ट्रेल टूरला फ्लॅट, चिकट तळाचे बूट आणि नडगीला गार्ड.

कोणती निवडावी? दिवसभर एका लयीत पेडल मारणं, खिंडी मोजणं आवडत असेल तर मोहीमच घ्या, आणि ‘खरी एमटीबी’ राहिली म्हणून हळहळू नका. टेकडीवरच्या एका वळणासाठी सायकल पाच वेळा परत वर ढकलत नेणारे असाल तरच ट्रेल. सहा दिवस रस्ता आणि एक दिवस ‘ट्रेलची चव’ देणारं मिश्र पॅकेज टाळावं. त्यात सायकल रस्त्याची मिळते आणि तो एक दिवस तीच घेऊन पायवाटेवर सोडतात.

मुस्तांगचं पॅकेज हातात असेल तर एकच प्रश्न पाठवा: मुक्तिनाथहून जोमसोमला कोणत्या गावावरून उतरणार? ‘कागबेनी’ असं उत्तर आलं तर तो रस्ता आहे. ‘लुप्रा’ आलं तर लगेच विचारा, सकाळी निघणार किती वाजता. काली गंडकीच्या खोऱ्यात दहा-अकराच्या पुढे दक्षिणेकडून वारा सुटतो आणि शेवटचा नदीकाठाचा टप्पा थेट त्याच्या तोंडावर आहे. सातच्या पुढची कुठलीही वेळ सांगणाऱ्याने तो टप्पा दुपारी कधी केलेला नसतो.