नवजात बाळाची कार सीट: तोंड मागे का, आणि ती गच्च कशी बसवायची

ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी धडकून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर हे सगळं एक दशांश सेकंदाच्या आत घडतं. तेवढ्या वेळात आतल्या प्रत्येकाला थांबवायला त्याच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर लागतो. चार किलोच्या बाळासाठी हा जोर ८० किलोच्या ओझ्याइतका होतो. आई असो, आजी असो की धट्टाकट्टा मामा, एवढं ओझं कुणाच्याच हातात राहणार नाही. सोलापुराहून निघून मोहोळ ओलांडून पुण्याच्या रस्त्याला लागल्यावर तर गाडी ५० वर राहतच नाही आणि वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. सव्वा महिन्याने माहेरून निघताना बाळंतीण बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसते, ती पद्धत म्हणूनच बंद व्हायला हवी.

नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं. मानेचा प्रत्येक मणका अजून एकसंध हाड झालेला नसतो. त्याचे हाडाचे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात आणि भोवतालचे बंध सैल असतात. बाळ पुढे तोंड करून बसलं असेल, तर समोरून धडक बसताच पट्टे छाती धरून ठेवतात, पण डोकं पुढे फेकलं जातं. तो सगळा ताण मानेतून मज्जारज्जूवर येतो. तोंड मागे असलं, तर डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या कवचात दाबली जातात, जोर पूर्ण पाठीवर पसरतो आणि मान ताणली जात नाही. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठाच्या बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना अवकाशवीरांच्या आसनांवरून सुचली आणि १९६४ साली अशा पहिल्या सीटची चाचणी झाली. ‘मागून गाडी धडकली तर?’ असं हमखास विचारलं जातं. मागून धडकणारं वाहन बहुधा त्याच दिशेने चाललेलं असतं, त्यामुळे दोन वेगांतला फरक कमी असतो. गंभीर इजा जास्त होते ती समोरासमोरच्या धडकेत.

दुकानात आधी लेबल पाहा. ‘कॅरी कॉट कम कार सीट’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच वस्तू नुसत्या मूठ लावलेल्या टोपल्या असतात. खऱ्या कार सीटवर गोलात ‘ई’ अक्षर आणि आर-४४/०४ किंवा आर-१२९ असा आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमाचा क्रमांक असलेलं नारिंगी लेबल असतं, नाहीतर भारतीय मानक एआयएस-०७२ चा उल्लेख असतो. ‘० ते १८ किलो’ची मोठी सीट पैशांच्या हिशेबाने शहाणपणाची वाटते, पण अडीच-पावणेतीन किलोचं बाळ त्यात बुडतं. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित खालून निघायला हवेत. पट्ट्याची सगळ्यात खालची खाचही बाळाच्या खांद्याच्या वर जात असेल, तर धडकेत ते वर सरकेल. पहिल्या वर्षासाठी १३ किलोपर्यंतची, मूठ असलेली छोटी सीटच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. नात्यातून आलेली जुनी सीट चालेल, पण ती अपघातातून गेलेली नसावी, माहितीपुस्तिका आणि सगळे भाग सोबत असावेत आणि कवचावर छापलेली मुदत संपलेली नसावी.

पैसे देण्याआधी सीट स्वतःच्या गाडीत लावून बघा. आपल्याकडे इथेच सगळ्यात जास्त अडतं. काही गाड्यांचा मागचा सीटबेल्ट एवढा आखूड असतो की सीटभोवती फिरवला की बकलपर्यंत पोचतच नाही. रेक्झिनच्या कव्हरखाली मागची बकलं आणि आयसोफिक्सच्या कड्या (सीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवायच्या) वर्षानुवर्षं गाडलेल्या असतात. कव्हर जाड फोमचं आणि गुळगुळीत असेल, तर सीट त्यावर घसरते. तेवढ्या जागेचं कव्हर सरळ काढून टाका. महागड्या पण डुगडुगणाऱ्या सीटपेक्षा तुमच्या गाडीत गच्च बसणारी साधी सीट केव्हाही चांगली.

जागा मागचीच. पुढच्या सीटसमोरची एअरबॅग उघडते तेव्हा मागे तोंड केलेल्या सीटच्या पाठीवर, म्हणजे थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. ही एअरबॅग बंद करायची सोय बऱ्याच गाड्यांत नसते. मागे मधल्या जागी तीन-बिंदू बेल्ट (कमर आणि खांदा दोन्हींवरून जाणारा) असेल आणि सीट नीट बसत असेल तर ती जागा उत्तम. नसेल तर डावी बाजू, म्हणजे बाळाला रस्त्याच्या कडेकडून उतरवता येतं.

बेल्टने बसवताना निळ्या खुणा पाहा, कारण मागे तोंड असलेल्या सीटचा बेल्ट निळ्या खाचांतूनच जातो. कमरेचा पट्टा बाळाच्या पायांवरून दोन्ही बाजूंच्या खाचांत घाला, बकल लावा, मग खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून निळ्या क्लिपमध्ये अडकवा. पट्ट्याला पीळ नको. आता एका हाताने सीट खाली आणि गाडीच्या पाठीकडे दाबून धरा, आधी कमरेच्या पट्ट्याची ढील काढा, नंतर खांद्याच्या पट्ट्याची. निळ्या खाचांपाशी धरून हलवा: कोणत्याही बाजूला अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. डोक्याकडचं टोक थोडं हलतं, त्याची काळजी नको. बकलचा कडक भाग खाचेच्या कडेवर वाकून टेकत असेल, तर धडकेत तो तुटू शकतो. अशी सीट त्या जागी बसवूच नका.

सीटखाली लावायचा आयसोफिक्स बेस असेल तर त्याचे दोन्ही दांडे कड्यांत ‘खट्’ आवाज होईपर्यंत आत ढकला आणि खूण लाल जाऊन हिरवी झालेली पाहा. बेसचा आधारपाय गाडीच्या तळावर घट्ट टेकायला हवा. त्याखाली सामानाचा कप्पा असेल, तर झाकण पिचून पाय आत जातो.

यानंतर येतो कोन. नवजात बाळासाठी सीट साधारण ४५ अंशांत कललेली हवी. जास्त उभी झाली तर हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दाबली जाते. झोपलेलं बाळ त्या अवस्थेत आवाजही करत नाही. सीटच्या बाजूला कोनाची खूण असते, ती सपाट जमिनीवर गाडी उभी करून तपासा. गाडीची गादी मागे फार उतरती असेल आणि माहितीपुस्तिकेत परवानगी असेल, तर टॉवेलची घट्ट गुंडाळी सीटच्या पायथ्याशी सरकवा. सोलापुरी टॉवेल इथे चांगला उपयोगी पडतो.

सोलापुरी चादर मात्र बाळाच्या खाली किंवा पट्ट्यांच्या आत घालू नका. धडकेत ती दबते आणि तेवढेच पट्टे सैल होतात. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचंही असंच होतं, शिवाय पायांमधला पट्टा लावताच येत नाही. पाय मोकळे राहतील असे कपडे घाला, पट्टे आवळा आणि खांद्याजवळ चिमटीत धरून बघा: पट्ट्याची घडी पकडता आली, तर अजून सैल आहे. दुपटं सगळ्यात शेवटी, पट्ट्यांवरून, कमरेपर्यंतच.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर जातो. बंद गाडी उन्हात अर्धा तास उभी राहिली, तर आतलं तापमान आणखी १५ ते २० अंशांनी चढतं आणि बकलचं लोखंड चटका देण्याइतकं तापतं. गाडी उभी असताना सीटवर पांढरा पंचा टाका आणि बाळाला बसवण्याआधी बकल स्वतःच्या मनगटाला लावून बघा. बाळ बसल्यावर सीटवर ओढणी किंवा चादर टाकू नका, आत हवा कोंडते. बाळाला गाडीत एकटं ठेवणं, अगदी दोन मिनिटांसाठीही, नाही म्हणजे नाही.

तुळजापूर-अक्कलकोटचा प्रवास एका दमात होतो. पण पहिल्या काही आठवड्यांत बाळाने सीटमध्ये शक्य तितका कमी वेळ काढावा, दर अर्ध्या तासाने त्याचा श्वास आणि हनुवटी पाहावी. पुढेही सलग दोन तासांच्या वर नको. पुण्याला जाताना टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असे थांबे धरा, बाळाला बाहेर काढून सपाट झोपवा. दूधही गाडी थांबवूनच. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ असेल, तर दवाखान्यातून सुटी मिळण्याआधीच डॉक्टरांना सीट दाखवा. अर्धवट बसलेल्या स्थितीत त्याचा श्वास आणि ऑक्सिजन नीट राहतो का, हे तिथेच तपासता येतं.

सीट लहान झाली हे पाय वाकले म्हणून ठरत नाही. मांडी घालून बसलेल्या मुलाला त्रास होत नाही. डोक्याचा माथा आणि कवचाची वरची कड यांत अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर उरलं, किंवा वजनाची मर्यादा ओलांडली, की पुढची मोठी सीट घ्या आणि तीही मागेच तोंड करून लावा. आर-१२९ नियमात १५ महिन्यांच्या आतलं बाळ पुढे तोंड करून बसवायला मनाईच आहे, आणि सीटच्या मर्यादेत बसत असेल तोवर त्यानंतरही वळवायची घाई करू नये.