वीज, प्लॅटिनम आणि अर्धा चमकणारा गर्भ

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या नव्या जनुकीय उपचाराचा विषय निघाला की नागपुरात मला एक प्रश्न हमखास येतो: "रुग्णाला शॉक देतात म्हणे, खरं का?" विदर्भात कितीतरी घरांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे, तेव्हा प्रश्न काळजीपोटीच असतो. रुग्णाला शॉक देत नाहीत. रक्त तयार करणाऱ्या त्याच्या मूळपेशी बाहेर काढतात, त्यांना विजेचे क्षणिक झटके देतात, तेवढ्यात जनुक कापणारं कॅस-9 हे प्रथिन आत शिरतं आणि मग त्या पेशी रुग्णाला परत देतात. 'कॅसजेवी' या उपचाराला 2023 मध्ये आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे, शिवाय आधी जबर केमोथेरपी सोसावी लागते. "सिकलसेल आता संपला" असे मेसेज कृपा करून पुढे ढकलू नका.

झटके देण्याच्या या तंत्राला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. ते मला सर्वांत सुंदर वाटतं कोंबडीच्या अंड्यात.

पेशीचं पटल म्हणजे मेदाचा दुहेरी थर, जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर. आतबाहेरच्या खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, मेदातून वाहत नाही, म्हणून विजेचा दाब पटलावरच साचतो. तिथे 1 व्होल्ट जरी पडला तरी त्या जाडीच्या हिशेबाने तो मीटरला 20 कोटी व्होल्ट झाला! त्या ताणाने मेदाचे रेणू सरकतात, पाणी आत घुसतं, सूक्ष्म छिद्रं पडतात. झटका थोडका असला तर ती पुन्हा बुजतात. एबरहार्ड नॉयमान या शास्त्रज्ञाच्या गटाने 1982 मध्ये उंदराच्या पेशींत असं जनुक घालून दाखवलं. 1990 च्या दशकात जपानी संशोधकांनी हेच अंड्यातल्या जिवंत गर्भावर केलं.

दुकानातलं अंडं इथे उपयोगाचं नाही, ते फलित नसतं. हॅचरीचं अंडं लागतं. नागपूरच्या मे महिन्यात तेही उघड्यावर ठेवता येत नाही, कारण त्या उकाड्यात गर्भ अवेळीच वाढायला लागतो आणि नीट वाढत नाही. गार जागेतलं अंडं 38 अंशांना साधारण दीड दिवस उबवायचं, सुईने थोडा पांढरा बलक ओढून घ्यायचा आणि कवचाला खिडकी पाडायची. पिवळ्या बलकावर काही मिलिमीटरचा गर्भ दिसतो. त्याच्या पाठीत मज्जानलिका असते, मेंदू आणि मज्जारज्जू तिच्यातूनच घडतात. काचेच्या बारीक नळीने तिच्या पोकळीत डीएनए सोडतात. तो कुठवर पोचला ते दिसावं म्हणून त्यात हिरवा रंग मिसळतात.

मग गर्भाच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमच्या दोन समांतर तारा, मध्ये 4 मिलिमीटर अंतर. 25 व्होल्टचे, प्रत्येकी 50 मिलिसेकंदांचे पाच झटके. डीएनएवर ऋण भार असल्याने तो धन तारेकडे खेचला जातो आणि नलिकेच्या त्याच बाजूच्या भिंतीत शिरतो, समोरची भिंत कोरी राहते. जनुकासोबत जीएफपी हे चमकणारं प्रथिन जोडलं असेल तर काही तासांत नलिकेची एकच बाजू हिरवी उजळते. तारांची अदलाबदल केली की दुसरी. नव्या जनुकाने काय केलं हे ताडून बघायला वेगळा गर्भ लागतच नाही. कोरी बाजू त्याच अंड्यात, त्याच उबेत, त्याच वेळी वाढलेली असते. यापेक्षा चोख तुलना जीवशास्त्रात क्वचित मिळते.

प्लॅटिनमच का? खाऱ्या पाण्यात वीज सोडली की अपघटन होतं, हे शाळेत शिकलोय. ऋण तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि भोवतीचं पाणी अल्कधर्मी होतं, धन तारेपाशी आम्ल तयार होतं. तांब्याची किंवा पोलादाची तार धन टोकाला झिजते आणि धातूचे आयन गर्भात उतरतात. प्लॅटिनम झिजत नाही, पण आम्ल-अल्क त्यालाही चुकत नाही. म्हणून तार हृदयाला किंवा रक्तवाहिनीला टेकू द्यायची नाही, मध्ये सलाइन ठेवायचं, आणि प्रत्येक अंड्यानंतर तारेवर गोठून चिकटलेला बलक पुसायचा, नाहीतर पुढच्या अंड्यात वीज कमी जाते. झटक्याचा आकारही बघावा लागतो. वीज साठवणारा कपॅसिटर नुसता रिकामा केला तर दाब शिखरावरून घातांकी घसरतो, म्हणजे आधी झपाट्याने आणि मग हळूहळू. पुरेसा डीएनए ओढायचा तर शिखर उंच ठेवावं लागतं, आणि ते गर्भाला सोसत नाही. चौकोनी स्पंदात, म्हणजे चौकोनी आकाराच्या झटक्यात, दाब 50 मिलिसेकंद सपाट राहतो, त्यामुळे कमी व्होल्टमध्ये छिद्रंही पडतात आणि डीएनएही सरकतो.

गर्भसंस्काराच्या नावाखाली मंत्रध्वनीने बाळाची जनुकं बदलतात असं सांगणारे आहेत. एक जनुक एका भिंतीत पोचवायला एवढा खटाटोप लागतो, आणि तरी सगळ्या पेशी ते घेत नाहीत. आईने गाणी जरूर ऐकावीत. पण हा दावा खोटा आहे, आणि त्याच्या भरवशावर सिकलसेलची रक्ततपासणी टाळणं धोक्याचं आहे.

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना 33 तासांचा हा गर्भ स्लाइडवरून ओळखीचा असतो. अडतं ते असे झटके देणाऱ्या महागड्या स्पंदयंत्रापाशी. 2020 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या साद भामला यांच्या गटाने गॅस लायटरच्या स्फटिकापासून अगदी स्वस्त उपकरण बनवलं आणि त्याने जीवाणूंत डीएनए घातला. त्याचा झटका सुमारे 2000 व्होल्टचा असतो, तेव्हा गर्भाला ते चालणार नाही. चौकोनी स्पंदाचं तेवढंच स्वस्त यंत्र हा इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांसाठी उत्तम प्रोजेक्ट आहे.