माळ रिकामा नसतो, तिथं लांडगा राहतो

गाडीवाटेला जिथं फाटा फुटतो तिथं, बरोबर तिठ्यावर, ती पडली होती. अंगठ्याएवढी जाड, वाळून पांढरी पडलेली आणि टोकाला पीळ देऊन निमुळती झालेली विष्ठा. सासवडच्या पूर्वेकडचा माळ, डिसेंबरातली सकाळ. माझ्याबरोबर एक मेंढपाळ मामा होते. त्यांनी काठीच्या टोकानं ती हलकेच उलगडली. आत काळी लोकर होती, हाडाची एक कपची होती आणि भुऱ्या केसांचा बारीकसा झुबका.

"लोकर आमची," मामा म्हणाले, "अन् हे केस सशाचे." मग उभे राहून त्यांनी हात लांब केला आणि समोरचा सगळा माळ दाखवला. "हितनं त्येची हद्द."

लांडगा तिठ्यावर, उंचवट्यावर, एखाद्या उठून दिसणाऱ्या दगडावर मुद्दाम विष्ठा टाकतो. वाटेनं येणाऱ्या दुसऱ्या लांडग्याला तिच्या वासावरून कळतं, की इथं कुणीतरी राहतंय. आपल्यासाठी ती एक वहीच आहे. प्रत्येक प्राण्याच्या केसाची आतली रचना वेगळी असते. सूक्ष्मदर्शकाखाली काळविटाचा केस, सशाचा केस, शेळीचा केस ओळखता येतो. हजारो विष्ठा गोळा करून, धुऊन, केस वेगळे काढून अभ्यासकांनी लांडग्याचं जेवण जाणून घेतलं आहे, तेही बहुतेक वेळा लांडगा न पाहता. गुजरातेत भावनगरजवळच्या वेळावदरला त्यात काळवीट जास्त सापडतं. आपल्याकडच्या माळांवर शेळ्यामेंढ्या जास्त सापडतात, कारण काळविटं उरलीत थोडी आणि मेंढरं आहेत भरपूर.

या लांडग्याचं शास्त्रीय नाव आपल्या दख्खनच्या मातीतून आलेलं आहे. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई इलाख्याच्या फौजेतला अधिकारी दख्खनची माहिती गोळा करत हिंडला आणि इथल्या पशुपक्ष्यांची नोंद करून ठेवली. १८३१ मध्ये त्यानं या लांडग्याला 'पॅलिपीस' हे नाव दिलं. अर्थ साधा, फिकट पायांचा. माळावर वाळलेल्या गवतात लांडगा उभा असला तर तुम्हाला आधी दिसतात त्याचे कान, मग डोळे. पाय दिसतच नाहीत, ते गवताच्याच रंगाचे असतात. उत्तरेकडच्या बर्फातला लांडगा चाळीस-पन्नास किलोंचा, दाट कातडं पांघरलेला. आपला विसाच्या आसपासचा, सडपातळ, उन्हाळ्यात तर अंगावर मोजकेच केस. मे महिन्यातल्या माळावर जगायचं तर अंगातली उष्णता बाहेर पडायला हवी, साठवून चालत नाही.

आकारानं लहान म्हणून त्याला कुणी दुय्यम समजू नये. लांडग्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा एक फार मोठी गोष्ट समोर आली. युरोप, सैबेरिया, अमेरिका इथले आजचे लांडगे एकमेकांचे बरेच जवळचे नातलग आहेत. हिमयुगाच्या अखेरच्या काळात त्यांचे पूर्वज पुन्हा नव्यानं जगभर पसरले. भारतीय लांडग्याची शाखा मात्र त्याआधीच, फार पूर्वी वेगळी झालेली होती. २०२१ मध्ये संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच ठळकपणे दिसलं. आज हयात असलेल्या लांडग्यांतली ही सगळ्यात जुन्या शाखांपैकी एक आहे. आणि या शाखेचे सगळे मिळून दोन ते तीन हजार लांडगे उरले असावेत असा अंदाज आहे. देशातल्या वाघांची संख्याही साधारण अशीच, किंबहुना थोडी जास्तच आहे. वाघांची दर चार वर्षांनी देशभर मोजदाद होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दोघंही पहिल्याच, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या परिशिष्टात, पण लांडग्याची कुणी एवढी आठवण काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्या भाषेनं त्याला जी जागा दिली तीही फारशी बरी नाही. लांडगेतोड, लचके तोडणे, लांडगा आला रे आला. संस्कृतात मात्र एक शब्द आहे, ज्यात निरीक्षण आहे. वृक म्हणजे लांडगा, आणि भीमाचं नाव वृकोदर, लांडग्याचं पोट असलेला. गीतेच्या पहिल्याच अध्यायात पौंड्र नावाचा शंख फुंकणारा भीम 'भीमकर्मा वृकोदरः' म्हणून येतो. ज्यानं कुणी हा शब्द पहिल्यांदा वापरला त्यानं लांडग्याला खाताना पाहिलेलं असणार. लांडगा दोन-तीन दिवस उपाशी राहू शकतो आणि मिळालं की एका बैठकीत कित्येक किलो मांस पोटात भरून घेतो. यात हावरटपणा नाही. त्या पोटाचा पिशवीसारखा उपयोग होतो. बिळापाशी परतल्यावर पिल्लं धावत येतात, मोठ्या लांडग्याच्या तोंडाचे कोपरे चाटतात, नाकानं ढुसण्या देतात, आणि तो अर्धवट पचलेलं मांस त्यांच्यापुढे ओकून टाकतो. दोन-तीन कोसांवरून पिल्लांसाठी जेवण आणायची ही रीत. संध्याकाळी घरी आल्यावर तुमचा कुत्रा उड्या मारून तुमच्या तोंडाशी जीभ न्यायला बघतो ना, ती याच मागणीची जुनी आठवण आहे. निदान पंधरा हजार वर्षं तो आपल्याबरोबर राहतोय, पण सवय गेली नाही.

हिवाळ्याच्या सुमाराला, ओढ्याच्या काठातल्या मऊ मातीत किंवा जुन्या बिळात, साठ-बासष्ट दिवसांच्या गर्भावस्थेनंतर मादी चार-सहा पिल्लं देते. मागच्या वर्षीची एखाद-दोन वयात आलेली पिल्लं तिथंच थांबलेली असतात. ती राखण करतात, शिकारीला मदत करतात. आईबाप, लहान भावंडं, थोरली भावंडं, हाच कळप. 'अल्फा' नर म्हणजे सगळ्यांना लोळवून गादीवर बसलेला दादा, ही जी कल्पना पुस्तकांत आणि भाषणांत फिरते तिचा उगम स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात आहे. रुडॉल्फ श्केंकेल यांनी १९४७ मध्ये तिथल्या लांडग्यांबद्दल लिहिलं. एकमेकांशी नातं नसलेली जनावरं एका आवारात कोंडली होती, तेव्हा ती भांडणारच. डेव्हिड मेक या अमेरिकी अभ्यासकाच्या १९७० मधल्या पुस्तकामुळे हा शब्द सर्वदूर गेला. मग त्यांनी स्वतःच कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात काढले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं, की मोकळ्या रानात असं काही नसतं, तिथं पुढे चालणारे असतात ते आईबाप. आपलंच आधीचं म्हणणं चुकलं हे जाहीरपणे लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आता त्या माळाकडे वळू, कारण माळाशिवाय लांडगा समजत नाही.

मामांबरोबर फिरून आलो तेव्हा माझ्या मोज्यांत कुसळं घुसलेली होती. एक उपटून तळहातावर ठेवलं आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला. काही क्षणांत त्याची काळसर शेपटी वळवळू लागली, पीळ सुटू लागला, आणि टोकदार बी हातावर गरागरा फिरायला लागलं. ओल मिळाली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. असं वळत वळत ते बी आपणहून जमिनीत शिरतं आणि पहिल्या पावसाची वाट बघतं. कुसळी, पवन्या, मारवेल, मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ, तरवड. सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तेवढ्यावर तगून राहायची ही सगळी व्यवस्था आहे. चंडोल आणि धाविक इथं उघड्यावर अंडी घालतात, चिंकारा इथं चरतो, आणि सोलापूरजवळचं नान्नज ज्या पक्ष्यासाठी अभयारण्य झालं तो माळढोकही याच गवताचा.

सरकारी कागदावर मात्र या जमिनीचं नाव बहुतेक ठिकाणी 'पडीक'. इंग्रजांच्या काळात ज्या जमिनीतून सारा येत नव्हता ती पडीक ठरली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पडीक म्हटलं की तिचं काहीतरी करायचं असतं. झाडं लावायची, चर खणायचे, औद्योगिक वसाहत, सौरऊर्जेचे पट्टे, नाहीतर प्लॉट. माळावर चांगल्या हेतूनं लावलेली गिरिपुष्पाची आणि सुबाभळीची रोपं पाहिली की मला कळवळून सांगावंसं वाटतं, की ही जागा तुटून गेलेलं जंगल नाही, ही आधीपासूनच अशी आहे.

याला आता चांगला पुरावाही मिळाला आहे, आणि तो आपल्या भाषेनं दिला आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या माळरानाचा इतिहास शोधताना अभ्यासकांनी जुनं मराठी साहित्य, संतांच्या कथा, ओव्या, लोकदैवतांची गाणी चाळली आणि त्यांत कुठली झाडंझुडपं येतात ते टिपलं. २०२५ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. त्यात आलेल्या वनस्पती मोठ्या संख्येनं काटेरी, उघड्या माळावरच्याच निघाल्या, आणि नोंदी निदान साडेसातशे वर्षं मागे जातात. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात कान्होपात्रेच्या स्मृतीचं झाड आहे ते तरटीचं, माळावरच्या काटेरी झुडपाच्या जातीचं. वारीला गेलेल्या लाखो लोकांनी ते झाड पाहिलंय.

एका कळपाला दीडशे-दोनशे चौरस किलोमीटर मुलूख लागतो. एवढा सलग माळ आता कुठं राहिलाय? मधे ऊस आहे, रस्ते आहेत, वस्त्या आहेत. म्हणून लांडगा माणसांतूनच वाट काढतो. दिवसा उसात किंवा ओघळीत पडून राहतो, अंधार पडला की निघतो. रात्री तो ज्या सुरात हाक देतो तो महाराष्ट्रातल्या लांडग्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये छापल्या गेलेल्या अभ्यासानुसार सरासरी ४२० हर्ट्झच्या जवळपास असतो. बाईमाणसाच्या गळ्यातून सहज निघेल अशा पट्टीतला. मी तो एकदाच ऐकलाय. कोल्हेकुईसारखा गलका त्यात नव्हता. एक लांब, सरळ, सावकाश चढणारा स्वर, मग दुसरा त्याच्यात मिसळला.

मामांना तो सूर ऐकून काय वाटतं ते मी विचारलं होतं. ते हसले नाहीत. "वाघर तपासायची," एवढंच म्हणाले. वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायचं जाळं. एक लांडगा समोरून कुत्र्यांना हुलकावणी देतो आणि दुसरा मागून कोकरू उचलतो, हे मला माळावर भेटलेल्या प्रत्येक मेंढपाळानं सांगितलंय. नुकसान खरं असतं. वनखात्याकडून भरपाई मिळू शकते, पण पंचनामा व्हायला जनावराचं काहीतरी शिल्लक लागतं, आणि वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता मुक्काम, तर दोन दिवसांनी पुढच्या गावच्या शेतात मेंढरं बसवायला हललेला असतो. तरीही लांडगा मेंढपाळाबरोबर इतकी शतकं टिकला. त्याला संपवायची खरी मोहीम दुसऱ्यांनीच काढली होती. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ब्रिटिश सरकारनं डोक्यामागे बक्षीस लावलं, आणि त्या बक्षिसांसाठी देशभरात दोन लाखांवर लांडगे मारले गेले.

लांडगा माणसावर हल्ला करतच नाही असं मी म्हणणार नाही. १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात आणि २०२४ मध्ये बहराइच जिल्ह्यात लहान मुलांचे बळी गेले, ते घाव त्या घरांतून कधी भरून येणार नाहीत. अशा घटना ठरावीक भागात, एखाद-दोन कळपांकडून होतात. आपल्या माळांवर मेंढपाळांची मुलं पिढ्यान्‌पिढ्या उघड्यावर वाघरीशेजारी झोपत आली आहेत.

आज इथल्या लांडग्याला सगळ्यात मोठी भीती आहे ती त्याच्याच चुलतभावाची. गावोगावचा उकिरडा आणि कोंबड्यांच्या शेडबाहेर टाकलेली मेलेली कोंबडी यांवर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. त्यांच्याकडून रेबीज येतो, डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा रोग येतो, आणि एक कळप आठवड्याभरात संपू शकतो. त्याहून चिवट प्रश्न संकराचा. पुण्याजवळच्या माळावर रंगानं वेगळा, पिवळट दिसणारा लांडग्यासारखा प्राणी हौशी निरीक्षकांच्या नजरेला पडला. त्याच्या केसांवरून जनुकं तपासली तेव्हा त्यात कुत्र्याचं रक्त निघालं. २०२३ मध्ये हे शास्त्रीय नियतकालिकात आलं. काही लाख वर्षं वेगळी राहिलेली शाखा अशी हळूहळू पातळ होत जाऊ शकते, गोळी न झाडता, कुणाच्या लक्षातही न येता.

गेल्या डिसेंबरात पुन्हा त्याच वाटेनं गेलो. तिठ्याच्या एका अंगाला जमीन सपाट केलेली होती आणि चुना फासलेले प्लॉटचे दगड ओळीनं रोवलेले होते. मामा या वेळी नव्हते, त्यांचा वाडा पुढे गेला होता. कोपऱ्यातल्या दगडाजवळ गेलो. दगडाच्या माथ्यावर विष्ठा होती, अजून ओलसर, कालच्या रात्रीची. आत काळी लोकर, आणि खुराचा नखाएवढा तुकडा.