पीजे टेबलावर : खानदेशातल्या एका छोट्या गाडीची पार्श्वभूमी

पाचोरा ते जामनेर या ५६ किलोमीटरच्या नॅरोगेज लाइनचं पूर्ण नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. ती ‘पीजे’. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. पहिलं महायुद्ध संपत आलं त्या सुमाराला, १९१८-१९ मध्ये, ती सुरू झाली आणि मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये थांबली ती थांबलीच. या गाडीचं छोटं मॉडेल मी घरी बांधतो आहे. इंजिन आणि डबे समजले की काम होईल, असं सुरुवातीला वाटतं. पण ही लाइन इथे का आली, एवढी अरुंद का ठेवली आणि आमच्या घरांत हिच्याच एवढ्या गोष्टी का सांगितल्या गेल्या, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. माझ्या मते तिन्हींचं मूळ एकच आहे : कमी खर्चात टाकलेली लाइन.

सुरुवात कापसापासून करावी लागते. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुंबईकडून येणारा मुख्य मार्ग १८६० च्या दशकात चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. मुख्य मार्गालगतच्या गावांची चंगळ झाली. पण दक्षिणेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी शेंदुर्णी, पहूर, जामनेरचा पट्टा आहे. जमीन काळी, कापूस उत्तम, आणि रस्ता म्हणजे बैलगाडीचा. या काळ्या मातीत पावसाळ्यात चाक रुतलं की काय होतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. या पट्ट्यातला माल पाचोऱ्याला मुख्य लाइनवर आणून टाकणं हे पीजेचं काम.

ब्रॉडगेज का नाही टाकली? परवडली नसती. अरुंद रुळांचा धडा तोवर आपल्या भागाजवळच गिरवून झाला होता. बडोदा संस्थानात डभोईला १८६२ मध्ये अडीच फुटी रुळांवर बैलांनी ओढलेली गाडी धावली. इंजिनं १८७३ मध्ये आली. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची. तिचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, हे सूत्र धरलं. भार कमी म्हणून रूळ हलके, रूळ हलके म्हणून पूल आणि भराव लहान. वळणं घट्ट घेता येतात, त्यामुळे टेकाड फोडण्याऐवजी वळसा घालायचा. पीजे याच विचारातली, वऱ्हाडातली शकुंतला रेल्वेही याच गेजची आणि कापसासाठीच टाकलेली. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागे. एक, वेग. दुसरी, पाचोरा जंक्शनवर कापसाची प्रत्येक गाठ छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या वाघिणीत चढवायची, कारण शेजारच्या रुळांची रुंदी १६७६ मिलिमीटर.

आणि वेग कमी होता म्हणूनच गोष्टी तयार झाल्या. माझी आजी शेंदुर्णीची. तिच्या गोष्टींत पीजे चढाला दमायची, पोरं खाली उतरायची, बांधावरचा हरभऱ्याचा टहाळ उपटायची आणि धावत येऊन पुन्हा चढायची. कार्तिकात त्रिविक्रम महाराजांच्या यात्रेला डबे इतके भरायचे की लग्नातली वाजंत्री वाटावी असा कालवा. गार्ड कुणाच्या म्हातारीसाठी गाडी थांबवायचा. खिडकीत बसलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचा आणि आई पदराच्या टोकाने तो काढायची. यातलं खरं किती, वाढवलेलं किती, याचा हिशोब मी करत नाही. एवढं मात्र खरं की मेल-एक्स्प्रेसच्या अशा गोष्टी कुणाच्या आजीने सांगितलेल्या मी ऐकलेल्या नाहीत. जिथे ड्रायव्हरचा चेहरा ओळखता येतो आणि गाडी अंगणाजवळून जाते, तिथेच गाडीला स्वभाव येतो.

गंमत म्हणजे नॅरोगेज मॉडेलचा छंद जगात वाढला त्यामागेही अशाच गोष्टी आहेत. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची पाटीच्या दगडाच्या खाणीची छोटी रेल्वे होती, १८६५ ची. ती बंद पडायच्या बेतात असताना लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी संस्था काढली आणि १९५१ पासून स्वयंसेवकांच्या बळावर ती चालवून दाखवली. अशा रीतीने वाचलेली ती जगातली पहिली रेल्वे. मुलांसाठी इंजिनांच्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री तिथे स्वतः कामाला जात. १९५५ पासून त्यांनी त्याच धर्तीच्या छोट्या डोंगरी लाइनवर गोष्टी लिहिल्या. त्या वाचून मोठी झालेली कितीतरी मुलं पुढे टेबलावर अशीच लाइन मांडायला बसली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत अर्नोल्ड कंपनीने ९ मिलिमीटर रुळांची एन गेज बाजारात आणली, आणि म्युनिकच्या एगर-बानने तेच ९ मिलिमीटर रूळ एन गेजपेक्षा मोठ्या मापाच्या नॅरोगेज मॉडेलसाठी वापरले. तिथून हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

इथे एक हिशोब सविस्तर सांगतो, कारण खानदेशच्या माणसाला तो फार उपयोगी आहे. मॉडेलचं सर्वांत प्रचलित प्रमाण एचओ, म्हणजे एकास सत्त्याऐंशी : खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं मॉडेल. आपली ब्रॉडगेज या प्रमाणात साधारण १९.३ मिलिमीटर येते, पण बाजारात मिळणारा तयार रूळ १६.५ चा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी आहे. म्हणून भारतीय ब्रॉडगेजचं मॉडेल तयार रुळांवर कायम थोडं अरुंद दिसतं. आता ७६२ ला ८७ ने भागा : ८.७६. म्हणजे ९ मिलिमीटरचा तयार रूळ पीजेला जवळपास जसाच्या तसा बसतो. एन गेजच्या सेटमधला ९ इंच त्रिज्येचा वळणाचा रूळ घेतला तर पूर्ण फेरा दोन फूट रुंद प्लायवर मावतो, आणि एवढं घट्ट वळण नॅरोगेजवर विजोड वाटत नाही. अख्खी पीजे मात्र मांडता येणार नाही. ५६ किलोमीटर याच प्रमाणात ६४४ मीटर होतात. निवड करावीच लागते.

मी दोनच जागा निवडल्या : पाचोऱ्याचा माल बदलण्याचा फलाट आणि शेंदुर्णीचं स्टेशन. माणूस १९ मिलिमीटर उंचीचा, दहा मीटरचा निंब साडेअकरा सेंटिमीटरचा. निंबाच्या फांद्यांना तांब्याची वायर पिळली. कापसाच्या गाठी दवाखान्यातल्या पट्टीच्या कापसाच्या, वरून जुन्या धोतराचा तुकडा, दोऱ्याने आवळलेल्या. गाडी १२ व्होल्ट डीसीवर चालते. इंजिनाची चौकट एन गेजची, वरचा सांगाडा सनबोर्डचा.

जमिनीसाठी शेतातलीच काळी माती वापरायची, हे आधीपासून ठरलेलं होतं. वाळवून, कुटून, मैद्याच्या चाळणीने चाळली, पातळ फेव्हिकॉलवर भुरभुरली. ही माती वापरणाऱ्याने एक काळजी घ्यावी. आपली काळी माती बेसाल्टची, आणि बेसाल्टमध्ये लोहचुंबकाला चिकटणारे खनिज कण असतात. चाळलेल्या मातीतून स्पीकरमधलं चुंबक कागदात गुंडाळून फिरवलं तर कागदावर बारीक काळी मिशी उगवते. तेच कण इंजिनाच्या मोटरला चिकटले तर मोटर जाते. चार-पाच वेळा चुंबक फिरवून मगच माती पसरावी. रंग अजिबात बदलत नाही.

माहिती गोळा करायला पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय पाहून यावं. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे, आणि सिग्नल, घाट, शहर यांची मांडणी तिथे शिकता येते. पीजेचे तपशील मात्र इथेच मिळतील. लाइन ब्रॉडगेज करून पुढे बोदवडपर्यंत नेण्याचं मंजूर झालं आहे. ते व्हायलाच हवं. जामनेरच्या माणसाला मुख्य लाइनवर जायला आज रस्त्याशिवाय पर्याय नाही. पण रुंदीकरणात जुन्या मोऱ्या, दगडी फलाट, मैलाचे दगड जातात. म्हणून सध्या मी मॉडेलपेक्षा मोजपट्टीवर जास्त वेळ घालवतो. फलाटाची उंची, मोरीच्या कमानीचा गाळा, स्टेशनच्या दारांची रुंदी, कौलांची ओळ. वरखेडी झालं. पहूरचं अर्धं बाकी आहे, आणि तिथे नोकरी केलेल्या रेल्वेतल्या एका निवृत्त खलाशीबाबांनी इंजिनात पाणी भरायचा खांब नेमका कुठे होता ते जागेवर उभं राहून दाखवायचं कबूल केलं आहे.